लाईट जाऊन आली की गेटचा कॅमेरा गायब: पीओई कॅमेरा स्विचला का लागत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक ठरलेला कार्यक्रम होता. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जायची, संध्याकाळी कधीतरी यायची, आणि केबिनमधल्या स्क्रीनवर आठ चौकोनांपैकी सहाच भरायचे. गेटचा कॅमेरा आणि मागच्या पाण्याच्या टाकीजवळचा कॅमेरा, हेच दोन, दर वेळी. ज्याने बसवले त्या पोराला फोन केला की तो म्हणायचा उद्या येतो, आणि उद्या म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला यायचा, तोपर्यंत गेटचा कॅमेरा आपोआप चालू झालेला असायचा. "साहेब, चालूच आहे की!" आणि व्हिजिटचे तीनशे. असं तीनदा झाल्यावर चौथ्यांदा त्याने गेटचा कॅमेराच बदलला, साडेतीन हजार घेतले, आणि पंधरा दिवसांनी लाईट जाऊन आल्यावर नवा कॅमेराही तसाच गायब.

मी कमिटीत आहे ते फक्त "हा कॉम्प्युटरचं काम करतो" एवढ्या पात्रतेवर, त्यामुळे चेअरमन काकांनी माझ्याकडे बघितलं आणि शिडी माझ्या गळ्यात पडली. त्यानंतर दोन महिने हाच उद्योग केला, आमच्याकडे, मग मेहुण्याच्या वर्कशॉपवर, मग शेजारच्या सोसायटीत. हे पीओई कॅमेरे, म्हणजे करंट आणि चित्र दोन्ही एकाच नेटवर्क वायरीतून जातं, आणि या सगळ्या वायरी जिथे येऊन लागतात तो डबा म्हणजे स्विच. कॅमेरा स्विचला लावला की चालत नाही ही तक्रार एकच वाटते पण आत चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात, आणि बहुतेक लोक कॅमेरा बदलून मोकळे होतात. एवढ्या खटाटोपात मला खरोखर मेलेला कॅमेरा एकच सापडला, तोही विजेने मेलेला, त्याचं पुढे सांगतो.

आधी स्विचचे दिवे बघा. कॅमेऱ्याकडे नंतर जा. पीओई स्विचला प्रत्येक पोर्टला बहुतेक दोन दिवे असतात, एक पीओईचा म्हणजे "मी याला करंट देतोय" आणि दुसरा लिंकचा म्हणजे "याच्याशी माझं बोलणं चालू आहे". पीओईचा दिवाच नाही म्हणजे करंटचं भांडण आहे, आयपी-बियपी (कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता) बघत बसू नका. पीओईचा दिवा आहे पण लिंकचा नाही म्हणजे वायर, प्लग, किंवा कॅमेरा अजून बूट होतोय, दीड-दोन मिनिटं थांबा. दोन्ही दिवे मस्त चमकतायत आणि तरी स्क्रीन काळी, तर वायरला हात लावू नका, तो पत्त्याचा किंवा पासवर्डचा घोळ आहे. आमच्याकडे गेटच्या पोर्टला पीओईचा दिवाच नसायचा आणि टाकीच्या पोर्टला दोन्ही असायचे, म्हणजे एकाच दिवशी गायब होणाऱ्या दोन कॅमेऱ्यांचे आजार पूर्ण वेगळे होते, आणि तो पोरगा दोघांनाही एकच औषध देत होता: स्विच बंद करून चालू.

अगदी फालतू वाटणारी एक गोष्ट इथेच उरकतो. स्विचच्या सगळ्या पोर्टांना करंट येत नाही. आठ पोर्टच्या स्विचमध्ये बऱ्याचदा चारच पीओई असतात, आणि "८+२" वाल्यात शेवटचे दोन अपलिंक म्हणजे एनव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि राऊटरसाठी असतात. साफसफाई करताना कोणीतरी वायरी काढून परत लावतं, कॅमेऱ्याची अपलिंकमध्ये जाते, आणि मग तीन दिवस शोधाशोध. शेजारच्या सोसायटीत नेमकं हेच होतं, मी तिथे जाऊन दोन मिनिटांत वायर बदलली आणि दोन कप चहा पिऊन आलो.

आता गेटच्या कॅमेऱ्याचं, कारण यात खरी गंमत आहे आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर ते साडेतीन हजार वाचले असते.

पीओई स्विच लगेच ४८ व्होल्ट सोडत नाही. आपल्याकडे बेल वाजली की आधी सेफ्टी डोअरच्या जाळीतून "कोण पाहिजे?" विचारतात ना, तसंच. वायर लावली की स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज सोडून बघतो, साधारण ३ ते १० व्होल्टच्या आसपास, आणि समोरून किती रेझिस्टन्स दिसतो ते मोजतो. खरा पीओई कॅमेरा असेल तर तिथे साधारण २५ किलोओहम दिसायला पाहिजे. १९ ते २६.५ किलोओहममध्ये काही दिसलं तर स्विच म्हणतो ठीक, आपला माणूस आहे, मग तो किती वॉट खाणार त्याचा क्लास विचारतो आणि मग दार उघडतो. १५ च्या खाली गेलं की दार बंदच ठेवायचं असा नियम आहे. हे सगळं कशासाठी, तर त्याच सॉकेटमध्ये चुकून कोणी लॅपटॉप किंवा प्रिंटर लावला तर तो जळू नये म्हणून. हे आयट्रिपलई या इंजिनीअरांच्या संस्थेच्या ८०२.३ एएफ या स्टँडर्डमध्ये २००३ मध्ये आलं, नंतर २००९ मध्ये जास्त ताकदीचं एटी आलं आणि २०१८ मध्ये बीटी, पण ही जाळीतून विचारायची पद्धत तीच राहिली.

आता आमचा गेटचा कॅमेरा. त्याच्या मागून जी शेपटी येते तिच्या टोकाला सॉकेट, त्यात आमच्या वायरचा आरजे४५ प्लग, आणि हा सगळा जोड त्या पोराने काळी टेप गुंडाळून खांबाला बांधून ठेवलेला. बॉक्स नाही काही नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, टेपच्या आत पाणी शिरलं, आणि प्लगच्या पिनांमध्ये ओल राहिली. ओल म्हणजे काय, तर कॅमेऱ्याच्या २५ किलोओहमला समांतर अजून एक रेझिस्टन्स. समजा ओलीचा ३० किलोओहम धरला तर स्विचला दोन्ही मिळून दिसतात साडेतेरा. झालं, जाळीतूनच परत पाठवलं.

पण मग रोज का नाही व्हायचं, लाईट गेल्यावरच का? कारण स्विच हा प्रश्न फक्त सुरुवातीला विचारतो! एकदा करंट चालू झाला की मग ओल असो नाहीतर धो धो पाऊस, त्या ३० किलोओहममधून ४८ व्होल्टला जेमतेम दीड मिलीअँपिअर जातो, त्याचं कोणाला काही पडलेलं नसतं. कॅमेरा भर पावसात छान चालतो. लाईट गेली आणि आली की स्विच परत दारात उभा, परत "कोण पाहिजे?", आणि या वेळी उत्तर चुकीचं. दुसऱ्या दिवशी अकराला ऊन पडलं, खांब तापला, ओल वाळली, पंचवीस किलोओहम परत जागेवर, आणि नकार दिलेल्या पोर्टला स्विच मधून मधून परत विचारतच असतो, त्यामुळे कॅमेरा चालू. आणि बाराला आमचा पोरगा हजर. मी हे ज्या दिवशी जुळवलं त्या दिवशी एकटाच पार्किंगमध्ये उभा राहून हसत होतो, वॉचमन काकांना वाटलं साहेबांना काहीतरी झालं.

तुमच्याकडेही "सकाळी नसतो, दुपारी असतो" किंवा "पाऊस पडून लाईट गेली की नसतो" असं असेल तर सरळ शिडी लावा आणि बाहेरचा जोड उघडा. उघडण्याआधी स्विचच्या बाजूची वायर काढा. आमच्या प्लगच्या दोन पिना हिरव्या झाल्या होत्या, कारण पाणी आणि ४८ व्होल्ट डीसी एकत्र आले की तांबं खाल्लं जातं, नुसत्या पाण्याने एवढ्या लवकर होत नाही. वायरच्या बाजूचा प्लग साफ करत बसू नका, सरळ कापा, वायरही वीतभर मागे कापा कारण पाणी आत चढलेलं असतं, आणि नवा प्लग मारा. कॅमेऱ्याच्या बाजूचं सॉकेट मात्र कापता येत नाही, ते मोबाईल रिपेअरवाले वापरतात त्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासलं आणि बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवलं (परवानगी नंतर घेतली). मग जोड प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये, बॉक्सला वायर खालून आत जाईल अशी, आणि आत जाण्याआधी वायरला खाली एक झोळ ठेवला म्हणजे वायरवरून ओघळत येणारं पाणी त्या झोळावरूनच टपकतं, बॉक्सपर्यंत पोचत नाही. कॅमेऱ्याच्या डब्यात एक रबरी वॉशरवाली प्लास्टिकची टोपी येते, जी सगळे इन्स्टॉलर फेकून देतात कारण ती लावायची तर प्लग मारण्याआधी वायरमधून ओवावी लागते आणि तेवढा धीर कोणाला नसतो. ती टोपी शोधा. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात आमची तशीच पडलेली सापडली.

हे सगळं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं, पण तिथे गेल्यावर वायर घेताना डोळे उघडे ठेवा. दुकानदार विचारतो "कॉपर पाहिजे का सीसीए?", आणि बऱ्याचदा विचारतही नाही. सीसीए म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ओळखायचं सोपं, वायरचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर सीसीए. बंडल उचलूनही कळतं, तांब्याचं चांगलंच जड असतं. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीपेक्षा जास्त, पण माझ्या मते खरा त्रास तो नाहीच, खरा त्रास हा की अ‍ॅल्युमिनियम प्लगच्या दातांखाली नीट टिकत नाही, वाकवलं की तुटतं, हवेत त्याच्यावर थर चढतो, आणि वर्षभराने जोड सैल होतो. दिवसा कॅमेरा कमी करंट खातो तेव्हा तो सैल जोड चालून जातो, रात्री इन्फ्रारेड (अंधारात दिसण्यासाठीचे कॅमेऱ्याचे दिवे) लागलं की करंट वाढतो आणि कॅमेरा बसतो, उठतो, परत बसतो. कॅमेरा रात्रभर रीस्टार्ट होत असेल आणि सकाळी शहाण्यासारखा वागत असेल तर संशय इथे घ्या, नाहीतर पुढे सांगतोय त्या बजेटवर.

बजेटचा किस्सा मेहुण्याच्या वर्कशॉपचा, धायरीला. तिथे आठ पोर्टचा स्विच, सात साधे कॅमेरे आणि एक गोल फिरणारा पीटीझेड. तक्रार अशी की अंधार पडला की आठ नंबरच्या पोर्टवरचा कॅमेरा जातो. त्यांनी पोर्ट खराब आहे म्हणून तो कॅमेरा एक नंबरला लावला आणि एक नंबरचा आठला, तर आता एकचा चालू आणि पूर्वी ठणठणीत असलेला कॅमेरा आठ नंबरवर बंद. मेहुणा म्हणाला बघ, आठचा पोर्टच गेलाय. दिसायला तर्क बरोबर आहे, पण मग दिवसा तोच पोर्ट कसा चालतो?

स्विचच्या बुडाला लेबल असतं, त्यावर एकूण किती वॉट ते लिहिलेलं असतं, यांच्यावर होतं ६०. दिवसा साधे कॅमेरे चार-चार वॉट, म्हणजे अठ्ठावीस, पीटीझेड नऊच्या आसपास, एकूण सदतीस. रात्री इन्फ्रारेड लागलं की सात-सात वॉट, म्हणजे एकोणपन्नास, आणि पीटीझेड हीटर-बिटर नसूनही पंधरा. चौसष्ट झाले. घरात एक चपाती कमी पडली की शेवटी जेवायला बसणाऱ्याला कमी मिळते, तसे बरेच स्विच मोठ्या नंबरच्या पोर्टचं आधी कापतात. आठ नंबरचा काही दोष नव्हता, तो फक्त पंगतीत शेवटी बसला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. "एका पोर्टला ३० वॉट" असं जे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहितात ते एका पोर्टचं कमाल आहे, सगळ्यांना एकदम ३० मिळत नाही. आणि स्विचकडून १५.४ वॉट निघाले तरी शंभर मीटर वायरमध्ये जाणारं धरून कॅमेऱ्याला १२.९५ च मोजायचे, तसंच ३० वाल्यात २५.५. त्यामुळे पीटीझेड घेताना तो एएफवर चालतो का एटी लागतो ते बघा, एएफ स्विचवर एटीचा पीटीझेड लावला तर काही वेळा दिवसभर नीट चालतो आणि फिरवायला गेलं की किंवा रात्री लाईट लागला की मरतो. मेहुण्याने पीटीझेडला वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला, विषय संपला. नवा स्विच घ्यायची गरज पडली नाही.

त्याच वर्कशॉपवर मागच्या शेडचा एक कॅमेरा स्विचपासून एकशे तीस-चाळीस मीटर लांब होता. इथरनेटची मर्यादा शंभर मीटर. स्विचवर "एक्स्टेंड" नावाचं एक छोटं बटण असतं, ते सरकवलं की अडीचशे मीटरपर्यंत जातं म्हणतात, आणि जातंही, पण पोर्टचा स्पीड १० एमबीपीएसवर येतो. एका साध्या कॅमेऱ्याला ४-५ एमबीपीएस पुरतात, चालून जातं, आठ मेगापिक्सेलवाला लावलात तर चित्र अडकत अडकत येतं. मधलं दुसरं बटण "व्हीलॅन" लिहिलेलं, ते कोणी चुकून सरकवलं की सगळे कॅमेरा पोर्ट एकमेकांपासून तोडले जातात आणि फक्त अपलिंकशी बोलू शकतात. अशा वेळी एनव्हीआर जर साध्या पोर्टात लावलेला असेल तर त्याला एकही कॅमेरा दिसणार नाही, दिवे मात्र सगळे चालू! स्विच पुसताना फडक्याने हे बटण सरकलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

आता बनावट पीओईबद्दल, कारण यात लोक फार फसतात. बाजारात स्वस्तात "पीओई" म्हणून जे मिळतं त्यातलं काही पॅसिव्ह असतं, म्हणजे ते जाळीतून काही विचारत नाही, वायरीत सरळ १२ किंवा २४ व्होल्ट कायम सोडून ठेवतं. पॅसिव्ह स्विचवर खरा पीओई कॅमेरा लावला तर तो ४८ ची वाट बघत बसतो, उठत नाही. उलट पॅसिव्हवाला कॅमेरा चांगल्या स्विचवर लावला तर स्विचला २५ किलोओहम दिसतच नाहीत म्हणून तो करंटच देत नाही. दोघांचाही दोष नाही, जोडीच जमत नाही. आणि १२ व्होल्टवाल्यात अंतराचं गणित भयंकर आहे. सात वॉटचा कॅमेरा १२ व्होल्टला अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त ओढतो, साठ मीटर चांगल्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन साडेपाच ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, म्हणजे वाटेतच तीनेक व्होल्ट गेले, कॅमेऱ्याला पोचले जेमतेम नऊ. तेच सात वॉट ४८ व्होल्टला दीडशे मिलीअँपिअरच लागतात, वाटेत एक व्होल्टसुद्धा जात नाही. लेबलवर ८०२.३ एएफ किंवा एटी लिहिलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणू दे, घेऊ नका.

वायर तपासायची माझी पद्धत अशी. कॅमेरा खाली काढायचा, स्विचशेजारी आणायचा, आणि एक मीटरच्या तयार पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी वायर) थेट लावायचा. चालला तर कॅमेरा आणि पोर्ट दोन्ही सुटले, गुन्हेगार वायर. नाही चालला तर दुसऱ्या, चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या पोर्टात लावून बघायचा. या दहा मिनिटांच्या कामाला इन्स्टॉलर कंटाळतात कारण कॅमेरा उतरवायला लागतो, आणि म्हणून तुमचे पैसे जातात. वायर सापडली की लॅन टेस्टरने आठही दिवे क्रमाने लागतात का बघा. रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. काही लोक दोन्ही बाजूंना स्वतःच्या मनाचा पण सारखाच क्रम लावतात, टेस्टर पास म्हणतो, आणि लांब वायरीवर लिंक धरत नाही, कारण वायरीत एकमेकांना पिळलेल्या तारांच्या जोड्या फुटलेल्या असतात. १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ६ ही दुसरी, हे का असं तर ३ आणि ६ च्या मध्ये ४-५ ची जोडी बसते म्हणून, पण ते पाळायलाच लागतं.

अजून एक जुगाड बघायला मिळतो. एका वायरीत आठ तारा, साध्या कॅमेऱ्याला डेटासाठी चारच लागतात, म्हणून चारच मारायच्या आणि उरलेल्या चारवर दुसरं काहीतरी चालवायचं, इंटरकॉम वगैरे. काही स्विच करंट १-२ आणि ३-६ वरून देतात, काही ४-५ आणि ७-८ वरून. कॅमेरा दोन्ही घेऊ शकतो, पण तारच नसेल तर कुठून घेणार? त्यामुळे "जुना स्विच जळला, नवा लावला, आणि पाच कॅमेऱ्यांतले दोनच येतात" अशी केस आली की आधी प्लगमध्ये डोकावून तारा मोजा.

टाकीच्या कॅमेऱ्याचं राहिलं. त्याचे दोन्ही दिवे लागायचे, कधी चित्र यायचं, दोन मिनिटांनी जायचं, परत यायचं. मी लॅपटॉपवरून त्याला पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर "आहेस का?" अशी हाक मारली, तर उत्तर येत होतं. मग मी स्विचमधून त्याची वायरच काढली आणि परत पिंग केलं. तरीही उत्तर! म्हणजे त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी बसलेलं. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, पण कंडक्टर त्याच सीटचं तिकीट दुसऱ्याला फाडून मोकळा होतो, तसं झालं होतं. कॅमेऱ्याला त्या पोराने हाताने पत्ता दिलेला, पण राऊटर जे पत्ते वाटतो त्याच रांगेतला. एरवी राऊटरला आठवण असायची, लाईट गेली की राऊटर सगळं विसरायचा आणि तोच पत्ता केबिनमधल्या वाय-फायवर येणाऱ्या पहिल्या मोबाईलला द्यायचा. पहिला मोबाईल अर्थात वॉचमन काकांचा. ते घरी गेले की कॅमेरा बरा व्हायचा. राऊटरची वाटायची रांग १०० पासून पुढे केली आणि कॅमेरे १० ते ३० मध्ये ठेवले, संपलं.

पत्त्याचेच अजून दोन घोळ, पटकन सांगतो. इंटरनेट कनेक्शन बदललं की राऊटरची गल्लीच बदलते. जिओफायबरचा राऊटर १९२.१६८.२९.१ वर असतो आणि जुने कॅमेरे १९२.१६८.१ वाले, मग एकाच स्विचवर असून एकमेकांना दिसत नाहीत. कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर चालवलं, हिकव्हिजनचं एसएडीपी किंवा दहुआचं कॉन्फिगटूल, की कॅमेरा चुकीच्या गल्लीत असला तरी दिसतो आणि पत्ता तिथूनच बदलता येतो. कोरा हिकव्हिजन १९२.१६८.१.६४ वर आणि दहुआ १९२.१६८.१.१०८ वर उठतो, आणि हिकव्हिजनला आधी पासवर्ड देऊन अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं, तोपर्यंत चित्र नाही. दुसरं, एनव्हीआरच्या मागेच पीओई पोर्ट असतील तर ते एनव्हीआरचं आतलं वेगळं घर असतं, तिथला कॅमेरा काढून बाहेरच्या स्विचला लावला की तो आतलाच पत्ता घेऊन बाहेर येतो आणि हरवतो. रीसेट करून पत्ता नव्याने द्या.

आणि ज्यांचा स्विच जरा महागातला आहे त्यांनी एक सेटिंग बघा, कॅमेऱ्याला ठराविक वेळाने पिंग करून उत्तर नाही आलं तर पोर्टचा करंट बंद-चालू करणारं. चांगली सोय आहे, पण कॅमेऱ्याचा पत्ता बदलला आणि इथे जुनाच राहिला तर स्विच बिचाऱ्या ठणठणीत कॅमेऱ्याला दर पाच मिनिटांनी झोपेतून उठवत बसतो. बूट होतो न होतो तोच परत बंद.

विजेने मेलेला तो एक कॅमेरा, तोही आमचाच, बी विंगच्या गच्चीवरचा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा गडगडाट जोरात होता, वीज आमच्यावर पडलीही नाही, कुठेतरी नदीपलीकडे असेल, पण ए विंग ते बी विंग उघड्यावरून गेलेली पन्नास मीटर वायर म्हणजे अँटेनाच. कॅमेरा आणि स्विचचा तो एक पोर्ट, दोन्ही गेले. पोर्ट गेलाय हे ओळखायचं असं की त्यात कोणताही चालू कॅमेरा लावला तरी दिवा लागत नाही आणि शेजारच्या पोर्टात लागतो. आता त्या वायरीला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावलेत, पण त्याची हिरवी तार खरोखर अर्थिंगला जाते का ते बघा, आमच्याकडे पहिल्यांदा ती तार नुसती भिंतीतल्या स्क्रूला बांधून ठेवलेली होती. दोन इमारतींमध्ये परत वायर टाकायची वेळ आली तर मी फायबरच टाकणार, काचेतून वीज जात नाही.

गेटचा जोड बॉक्समध्ये टाकल्यावर मी वाट नाही बघितली. पुढच्या गुरुवारपर्यंत कोण थांबणार, म्हणून भर पावसात छत्री धरून, वॉचमन काकांना केबिनमध्ये बसवून, स्विचचा मेन काढून पाच मिनिटांनी लावला. दोन मिनिटं काही नाही. मग काका आतून ओरडले, "आले, आले, आठीच्या आठी आले!" चेअरमन काका तेवढ्यात खाली आले, स्क्रीनकडे बघितलं, मग कपाटावर ठेवलेल्या जुन्या गेटच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे तो चांगलाच आहे?" तो चांगलाच आहे. लिफ्टसमोर बसवायचा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ म्हणालेत, जोड मात्र मीच मारायचा या अटीवर.